चित्रपट न पाहता माध्यमांतर : मराठी विभागांपुढील एक प्रश्न

एम. ए. मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना गेली काही वर्षे एक गोष्ट प्रस्तुत लेखिकेच्या सातत्याने लक्षात येत आहे. साहित्यकृतीचे माध्यमांतर या घटकावरील प्रश्नास विद्यार्थी भरभरून उत्तरे लिहितात. कादंबरी आणि चित्रपट यांतील भेदाचे मुद्दे क्रमाने येतात. कथानकातील कोणते प्रसंग गाळले आणि कोणते वाढविले यांची यादी येते. अखेरीस दिग्दर्शकाने मूळ कलाकृतीस न्याय दिला आहे, असा निर्वाळाही येतो. उत्तर नियमाप्रमाणे गुणांस पात्र ठरते. मात्र वर्गात 'हा चित्रपट कोणी पाहिला आहे?' असे विचारले असता तिसांपैकी तीन-चार हात वर होतात, आणि त्यांतील दोघांनी तो मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला असतो. न वाचलेल्या कादंबरीवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आपण दोष देतो. न पाहिलेल्या चित्रपटावर लिहिणाऱ्यास मात्र आपण गुण देतो, कारण शिकविणाऱ्यांपैकी अनेकांनीही तो पाहिलेला नसतो.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे म्हणणे थोडक्यात असे : जुने व महत्त्वाचे चित्रपट ठरलेल्या वेळी, मोठ्या पडद्यावर, इतरांसोबत, आरंभापासून अखेरपर्यंत पाहण्याची जी रीत महानगरांतील फिल्म सोसायट्यांनी आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने रुजविली, ती मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासाची गरज आहे. ती रीत तालुक्याच्या ठिकाणी आणता येत नसेल, तर माध्यमांतराचा घटक अभ्यासक्रमातून काढून टाकणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

१

आपल्याकडे या रीतीचा इतिहास फार जुना नाही. १९४७ साली कोलकात्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता प्रभृतींनी फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' येथील प्रेक्षकांपुढे आणला. १९५९ साली देशातील अशा संस्थांचा महासंघ उभा राहिला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळाची स्थापना झाली. सुधीर नांदगावकर यांचे नाव या मंडळाशी कायमचे जोडले गेले असून, मंडळाच्या 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकाने चित्रपटाविषयी गंभीरपणे मराठीत लिहिण्याची सवय अनेकांना लावली.

पुण्याचे स्थान याहून वेगळे आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यास आली. कंपनी बंद पडल्यानंतर तिच्याच जागेत १९६० साली शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पी. के. नायर यांनी आपले आयुष्य या संग्रहालयास वाहिले. १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी देशभरातून रिळे गोळा केली. आणि गोळा केलेले लोकांना दाखविलेही पाहिजे, अशी त्यांची दृष्टी होती. प्रशिक्षण संस्थेतील प्राध्यापक सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाच्या अध्यापनाचा पाया घातला. या दोघांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले उन्हाळी रसास्वाद वर्ग ही मराठीच्या अनेक प्राध्यापकांचीही शाळा ठरली. पुढे १९८५ साली आशय फिल्म क्लब आणि २००२ पासून पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, अशी या शहरातील परंपरा वाढत गेली. २०२२ साली संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले.

फिल्म सोसायटीचे काम कसे चाले, हेही नव्या पिढीस सांगितले पाहिजे. सोसायटीच्या खेळास तिकीट नसे, वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हावे लागे. परदेशी चित्रपटांच्या प्रती वकिलातींकडून येत, देशी चित्रपटांच्या संग्रहालयाकडून. संग्रहालयाच्या वितरण विभागात १६ मि. मी. च्या प्रती असत आणि त्या बाहेरगावच्या सोसायट्यांनाही मिळत. खेळापूर्वी चक्रमुद्रित टिपण हाती पडे, खेळानंतर चर्चा होई. आज विद्यापीठीय परिभाषेत ज्याला आपण संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतो, त्याचेच हे दृश्यरूप होते. त्याची फळे मराठी वाङ्मयासही मिळाली. अरुण खोपकर यांच्या 'गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका' या १९८५ सालच्या पुस्तकास चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट ग्रंथाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तर २०१५ साली त्यांच्या 'चलत्-चित्रव्यूह' या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रपटाविषयीचे लेखन हे मराठी वाङ्मयाचे अंग आहे, ही गोष्ट अकादमीने मान्य केली. आमच्या विभागांनी ती अजून पुरतेपणी मान्य केलेली नाही.

२

येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. १९९९ ते २००१ या काळात प्रस्तुत लेखिका पुण्यात एम. ए. करीत होती. विधी महाविद्यालय रस्त्यावरील संग्रहालयाच्या सभागृहात संध्याकाळी खेळ असत आणि आम्ही तीन-चार मैत्रिणी पायी जात असू. अडचण एकच होती. आमच्या वसतिगृहाचे फाटक ठरलेल्या वेळी बंद होई, आणि खेळ लांबला की शेवटचे रीळ सोडून उठावे लागे. 'संत तुकाराम' मी प्रथम असाच पाहिला. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ सालचा चित्रपट, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला. अखेरीस काय होते हे महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? तुकोबा वैकुंठास जातात. त्यामुळे उठताना फारशी हुरहुर वाटली नाही. त्याच वर्षी लिहिलेल्या एका निबंधात मी निःशंकपणे नोंदविले की, चित्रपटाचा शेवट संतचरित्राच्या परंपरागत चौकटीस अनुसरून वैकुंठगमनाच्या चमत्कारात होतो. निबंधास चांगले गुण मिळाले.

पुढे नोकरी लागल्यावर, रात्री परतण्याचे बंधन नसलेल्या एका दिवशी, त्याच सभागृहात मी तो चित्रपट अखेरपर्यंत पाहिला. विमान वर जाते, परंतु आवली खाली राहते. सबंध चित्रपटभर संसाराचा भार ओढणारी, विठ्ठलाशी भांडणारी, नवऱ्यावर करवादणारी ही बाई. तिच्या प्रत्येक फटकाऱ्यावर सभागृह हसत होते. शेवटच्या प्रसंगात तेच सभागृह गप्प झाले. मी लिहिलेले वाक्य माहिती म्हणून चुकीचे नव्हते. वैकुंठगमन होतेच. परंतु चित्रपट कोणाकडे पाहत संपतो, हे मला ठाऊक नव्हते, आणि त्या एका गोष्टीने चित्रपटाचा अर्थ बदलतो. संतचरित्राच्या चौकटीत प्रपंचाची बाजू इतक्या ठामपणे मांडलेली आहे, हे मला पुस्तकातून कळले नसते. ते कळण्यासाठी आधीचे हसू आणि नंतरची शांतता ही दोन्ही एकाच अंधारात अनुभवावी लागली.

शेवटचे रीळ न पाहता लिहिलेल्या त्या निबंधाची आठवण मला उत्तरपत्रिका तपासताना हमखास होते. विद्यार्थी आज जे करतात ते मीही केलेले आहे. फरक इतकाच की, मला फाटक आडवे आले आणि त्यांच्यापर्यंत सभागृहच पोचलेले नाही.

३

'माध्यमांतर' या संज्ञेने आपली एक दिशाभूल केली आहे. मूळ वस्तू तीच राहून केवळ तिचे पात्र बदलले, असा भास तिच्यातून होतो. त्यामुळे तुलना कथानकाच्या पातळीवर अडकते आणि कथानक तर सारांशावरूनही सांगता येते. दोन उदाहरणे पाहू.

नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर १९३७ साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' काढला. फसवून वृद्धाशी लावून दिलेले लग्न नीरा मनाने स्वीकारीत नाही, हे कथानक मार्गदर्शकांत चार ओळींत मिळते. परंतु या चित्रपटात पार्श्वसंगीताचा आधार घेतलेला नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाजच त्याचे संगीत आहेत, ही गोष्ट ऐकल्याखेरीज कळत नाही. नीरेच्या नकारास जी धार येते, ती तिच्या संवादांइतकीच त्या घराच्या आवाजांतून येते. भावनेला संगीताची उशी न दिल्याने प्रेक्षकास तिची कीव करण्याची सवलत मिळत नाही. कादंबरीत असे काय आहे ज्याच्या जागी हा ध्वनी आला? हा माध्यमांतराचा खरा प्रश्न होय, आणि तो न पाहणाऱ्यास पडूच शकत नाही.

दुसरे उदाहरण व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'चे. १९५५ सालची ही कादंबरी, तिच्यावरचा अमोल पालेकर यांचा चित्रपट १९९५ सालचा. कादंबरीचा निवेदक तरुण मास्तर आहे. वाडी आपणांस दिसते ती त्याच्या 'मी'मधून. वाचक त्याच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून त्याला स्वतःला मात्र क्वचितच पाहतो. पडद्यावर हा 'मी' टिकत नाही. कॅमेऱ्यापुढे मास्तर हा वाडीतल्या इतरांसारखाच एक माणूस होतो. त्याचे परकेपण, त्याचे कपडे, त्याची चाल आपल्याला बाहेरून दिसू लागते. निवेदकाचे पात्र होणे ही या माध्यमांतरातील मध्यवर्ती घटना आहे. गाळलेल्या प्रसंगांच्या कोणत्याही यादीत ती सापडणार नाही. आमच्या भागातील विद्यार्थ्यांना माळ, मेंढरे आणि दुष्काळ यांची ओळख करून द्यावी लागत नाही. निवेदनदृष्टीची ओळख करून देण्यासाठी या जोडीइतके चांगले साधन मला माहीत नाही.

४

एकेक चित्रपट पाहण्यापेक्षा काही चित्रपट ओळीने पाहण्याने निराळे ज्ञान होते. फिल्म सोसायट्यांची खरी करामत या निवडीत व क्रमात होती. जब्बार पटेल यांचा 'सामना' १९७५ सालचा आणि 'सिंहासन' १९७९ सालचा. दोहोंची पटकथा विजय तेंडुलकरांची. 'सामना' स्वतंत्र पटकथा आहे. 'सिंहासन' अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने दुसरा माध्यमांतरात बसतो आणि पहिला बसत नाही, म्हणून पहिला सुटतो.

आता हे दोन्ही एका आठवड्यात पाहावेत. 'सामना'मध्ये साखरपट्ट्यातील सत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि त्याला पुनःपुन्हा एकच प्रश्न विचारणारा, दारूत बुडालेला जुना गांधीवादी मास्तर म्हणजे श्रीराम लागू. चार वर्षांनी 'सिंहासन'मध्ये सत्तेच्या मागे धावणारे मंत्री विश्वासराव दाभाडे हे लागू, आणि सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस हे निळू फुले. तोच लेखक, तोच दिग्दर्शक, तेच दोन नट. सत्ताधीशाची व साक्षीदाराची जागा मात्र उलटली आहे. पहिल्या चित्रपटात साक्षीदाराच्या प्रश्नाने सत्तेचे आसन हलते. दुसऱ्यात साक्षीदाराच्या पाहण्याचा कोणावरही परिणाम होत नाही आणि अखेर त्याचेच भान सुटते. या दोन चित्रपटांच्या मध्ये आणीबाणी आहे, हे ध्यानात घेतले की तेंडुलकरांच्या लेखनातील साक्षीदार या प्रश्नावर एखादा प्रबंध उभा राहू शकेल. दोन्ही चित्रपट स्वतंत्रपणे पाहणाऱ्यास हा संबंध सुचेलच असे नाही. ओळीने दाखविले तर तो वर्गातील सामान्य विद्यार्थ्यासही दिसतो.

५

या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीरपणे घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की, आता सारे हाताशी आहे. एके काळी ज्या चित्रपटासाठी बारामतीहून शंभर किलोमीटर प्रवास करावा लागे, तो आज कन्हेरीच्या एखाद्या ओट्यावर बसून मोबाइलवर पाहता येतो. ही गोष्ट लहान नाही, आणि ज्या मुलीला संध्याकाळी शहरात थांबण्याची परवानगी नाही तिच्यासाठी तर ती मुक्तीच आहे. तिला 'मोठ्या पडद्यावरच पाहा' असे सांगणे हा शहरी उद्दामपणा ठरेल. परंतु उपलब्ध असणे आणि पाहिले जाणे यांत अंतर आहे. ग्रंथालयात 'ज्ञानेश्वरी' असतेच, म्हणून ती वर्गात शिकविणे आपण सोडलेले नाही. शिवाय जे हाताशी आहे ते सारे आहे, हाही भ्रम आहे. बाबूराव पेंटर यांचा १९२५ सालचा मूक 'सावकारी पाश' शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचा भारतातील आद्य वास्तववादी चित्रपट मानला जातो. तोही नारायण हरी आपटे यांच्याच कथेवर बेतलेला होता. १९३६ साली तो बोलपट म्हणून पुन्हा काढला गेला, परंतु मूळ मूकपट आज उपलब्ध नाही. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या भांडारास आग लागून शेकडो जुन्या चित्रपटांची रिळे नष्ट झाली. ग्रामीण साहित्याचा इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस या हानीचे दुःख झाल्याचे आठवत नाही. एखादे दुर्मीळ हस्तलिखित जळाले असते तर झाले असते. ज्या वस्तूकडे आपण संहिता म्हणून पाहत नाही तिच्या नाशाची नोंदही आपण घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. फिल्म सोसायटी ही शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गाची चळवळ होती. तिने परदेशी चित्रपटांचे कौतुक केले आणि लोकप्रिय मराठी चित्रपटाकडे, तमाशापटाकडे, दादा कोंडक्यांच्या प्रेक्षकाकडे पुष्कळदा नाक मुरडून पाहिले. या आरोपात तथ्य आहे. ग्रामीण भागातून पुण्यात गेलेल्या विद्यार्थ्यास त्या सभागृहाच्या व्हरांड्यात जे अवघडलेपण जाणवे, ते मीही अनुभवले आहे. मध्यंतरात चाललेली चर्चा मराठीत असली तरी आपली नाही, असे वाटे. तथापि यावरून ती रीतच परकी ठरते काय, हे तपासले पाहिजे.

६

माझ्या मते ठरत नाही. आमच्या भागात फिल्म सोसायटी नव्हती, पण तंबू होता. यात्रेच्या काळात मालमोटारीवरून प्रक्षेपक येई, मोकळ्या रानात कनाती उभ्या राहत, आणि आठ-पंधरा दिवस खेळ चालत. लावले जाणारे चित्रपट नवे क्वचितच असत. भक्तिपट, पौराणिक, तमाशापट, जुने गाजलेले; त्यांतील अनेक दरवर्षी तेच. लोक पाहिलेले पुन्हा पाहत. कोणत्या प्रसंगी काय होणार हे ठाऊक असूनही त्या प्रसंगाची वाट पाहत. निवडक जुने चित्रपट, ठरावीक काळ, एकत्र आणि वारंवार पाहणे. महानगरातील अभ्यासू प्रेक्षक जिला आपली विशेष संस्कृती मानतो तिची सारी लक्षणे या तंबूत होती. नव्हती ती चर्चा आणि नव्हते ते टिपण. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील या फिरत्या सिनेमावर २०१६ साली 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तेव्हा तो व्यवसाय अखेरच्या घटका मोजीत होता. मराठीच्या विभागांनी कीर्तन, भारूड, तमाशा यांचा अभ्यास केला, प्रबंध लिहिले. तंबूतला सिनेमा हीदेखील लोकांच्या आस्वादाची एक संस्था होती आणि तिचा अभ्यास जवळजवळ झालाच नाही, ही खंत येथे नोंदविते.

तंबू आणि टिपण एकत्र येऊ शकतात, याचा दाखला शेजारच्या कर्नाटकात आहे. शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडू हे सुपारीच्या बागांतले लहान खेडे. १९४९ साली तेथे नीनासम् ही नाट्यसंस्था स्थापन झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९७३ साली तिच्या अंतर्गत चित्र समाज सुरू केला. सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांच्या साहाय्याने तेथे रसास्वादाचे वर्ग भरले. 'पथेर पांचाली', 'राशोमोन', 'बायसिकल थीव्ज' यांसारखे चित्रपट बागायतदारांनी, शिक्षकांनी, गृहिणींनी पाहिले आणि त्यांवर आपल्या भाषेत चर्चा केली. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या 'सेल्युलॉइड मॅन' या नायरांवरील २०१२ सालच्या चित्रपटात हेग्गोडूचे ग्रामस्थ त्या खेळांच्या आठवणी सांगताना दिसतात. कुरोसावा हा बेंगळुरूच्या प्रेक्षकाचा आणि हेग्गोडूच्या प्रेक्षकाचा नव्हे, असे सुब्बण्णांनी मानले नाही. पुणे हेग्गोडूपासून जितके दूर आहे त्याच्या कितीतरी जवळ ते बारामती-इंदापूरला आहे. तरीही असा प्रयत्न आमच्याकडे रुजला नाही. त्याचे कारण अंतर नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांना हे पेलणार नाही, असे आम्हीच मनाशी ठरवून टाकले.

७

दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गात 'सामना' दाखविला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, मोबाइल बाहेर टेबलावर ठेवावयास सांगितले आणि मध्यंतर न घेता चित्रपट पूर्ण पाहिला. निळू फुले यांच्या संवादांचे तुकडे मुलांना आधीच ठाऊक होते, त्यांवर हशा पिकला. आमचा परिसर उसाचा. छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर या सहकारी कारखान्यांभोवती येथील कित्येक पिढ्यांचे जगणे उभे राहिले आहे. हिंदुरावाच्या ऐटीकडे मुले काहीशा आपलेपणानेच पाहत होती. अर्ध्यावर हसू विरळ झाले, आणि मारुती कांबळेचे काय झाले हा मास्तरचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्यांदा आला तेव्हा कोणीच हसले नाही.

चर्चेत पहिली दहा मिनिटे मार्गदर्शकातलीच वाक्ये आली. मग मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हिंदुराव त्या मास्तरला हाकलून का देत नाही? त्याला तर सहज शक्य होतं." वर्ग यावर तासभर बोलला. कोणी म्हणाले, त्याला मास्तरची कीव येते. कोणी म्हणाले, आपण केलेले कोणीतरी शहाण्या माणसाने पाहावे अशी त्याची हौस आहे. एकाने म्हटले, मोठ्या माणसाला आपल्या वाड्यावर एखादा सज्जन जेवायला लागतोच. त्याशिवाय मोठेपण पुरे होत नाही. सत्तेला साक्षीदार का लागतो, या प्रश्नापर्यंत वर्ग स्वतःच्या वाटेने पोचला होता. तो प्रश्न कोणत्याही छापील टिपणात मला आजवर आढळलेला नाही. त्या विद्यार्थिनीच्या आधीच्या उत्तरपत्रिकेत न्याय दिला आहे हे वाक्य होते, हे येथे सांगितले पाहिजे. तिच्यात बुद्धी कमी होती म्हणून ते वाक्य आले नव्हते. आम्ही तिला पाहावयास काही दिलेच नव्हते.

८

यावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. त्यांत नवे किंवा खर्चाचे असे फार नाही.

एक, ज्या चित्रपटाचा पूर्ण खेळ विभागाने दाखविलेला नाही त्यावर अंतर्गत परीक्षेत प्रश्न विचारू नये. दोन, खेळ दिवसा, महाविद्यालयाच्या वेळेत व्हावा. संध्याकाळच्या खेळाने शेवटची एस. टी. चुकते आणि ज्यांची चुकते त्या बहुधा मुलीच असतात. शेवटचे रीळ सोडून उठण्याची वेळ त्यांच्यावर आपण आणू नये. तीन, वर्षातून सहा चित्रपट पुरेत, पण ते जोड्यांनी निवडावेत. 'कुंकू' आणि 'उंबरठा', 'सामना' आणि 'सिंहासन', 'बनगरवाडी' आणि नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' अशा जोड्या लावल्या तर अर्धी समीक्षा निवडीतच होते. मंजुळे हे शेजारच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे. आपल्याच मातीतून आलेली चित्रभाषा कोणत्या परंपरेशी बोलते, हे विद्यार्थ्यांस कळले पाहिजे. चार, तालुक्यातील तीन-चार महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी मिळून एक चांगला प्रक्षेपक आणि ध्वनियंत्रणा घ्यावी. तंबूवाल्यांनी जे मालमोटारीवर केले ते आपल्याला रिक्षातून करता येईल. पाच, कायद्याची भीती दाखवून हे काम टाळले जाते. तथापि १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२व्या कलमात शैक्षणिक संस्थेच्या कार्यात, विद्यार्थी, कर्मचारी, पालक अशा मर्यादित प्रेक्षकांपुढे होणाऱ्या प्रयोगास सवलत आहे. ती नीट वाचून वापरावी. सहा, वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना पुण्यास न्यावे आणि एक तरी चित्रपट खऱ्या सभागृहात, अनोळखी प्रेक्षकांमध्ये दाखवावा. त्या व्हरांड्यातील अवघडलेपण एकट्याने सोसणे कठीण असते, वर्गासोबत ते सोसते.

मूल्यमापनही बदलावे लागेल. एका प्रसंगातील दृश्य, ध्वनी आणि त्यांचा क्रम यांचे वर्णन दोन पृष्ठांत करा, असा प्रश्न विचारून पाहावा. ज्याने चित्रपट पाहिला आहे त्यालाच तो सोडविता येईल आणि त्याच्या उत्तरासाठी मार्गदर्शक छापता येणार नाही. कवितेच्या रसग्रहणात आपण प्रतिमेकडे बोट दाखवावयास सांगतो, तसेच हे आहे.

मराठीचे विभाग आधीच अनेक अंगांनी आक्रसत असताना चित्रपटाचे हे नवे ओझे कशास, असे काही ज्येष्ठ सहकारी विचारतात. माझे उत्तर असे की, हे ओझे आपण घटक म्हणून यापूर्वीच उचललेले आहे. फक्त ते न उघडता वाहत आहोत. विद्यार्थी वर्षानुवर्षे न पाहिलेल्याविषयी ठामपणे लिहावयास शिकतो, आणि ही सवय चित्रपटापुरती राहत नाही. ती पुढे न वाचलेल्या कवितेपर्यंत आणि न भेटलेल्या माणसापर्यंत जाते. येत्या सत्रात आमच्या विभागात पहिला खेळ 'संत तुकाराम'चा ठेवला आहे. तो दुपारी बारा वाजता सुरू होईल आणि शेवटच्या रिळापर्यंत कोणीही उठणार नाही, इतकी काळजी आम्ही घेणार आहोत.